भोंग्याचा आवाज

"अजून किती वेळ?" सासऱ्यांनी दारातून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते पुन्हा बाहेरच्या खोलीत निघून गेले.

तिने संगणकावरची नजर काढली नाही. समोरच्या पडद्यावर एक करड्या रंगाची चौकट उघडली होती आणि तिच्यात लिहिलं होतं, हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही. खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'. ठीक काहीच नव्हतं. गुरुवारची संध्याकाळ झाली होती आणि सोमवारी सकाळी सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठ स्वरयंत्रात होती आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल. बाहेर पडताना हॉस्पिटलमधल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जमलं तर त्यांचा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवा. नीट, वाक्यं वाचून घेऊन. त्यावरून संगणकाला त्यांच्यासारखं बोलायला शिकवता येतं. पुढं ते टाइप करतील आणि संगणक बोलेल."

बाईंनी हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर ऐकणारा गोंधळला असता. हिला ते नेमकं कळलं, कारण तिची नोकरीच ती होती. एका भाषा संस्थेत ती दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांचं बोलणं ऐकायची आणि कुठला उच्चार कुठे सुरू होतो, कुठे संपतो, तिथे पडद्यावर रेघ मारायची. हजारो माणसांचे 'क' आणि 'च' तिच्या कानांवरून गेले होते. घरात मात्र ती फारशी बोलत नसे. बोलायला जागाच नव्हती. घरातली सगळी जागा सासऱ्यांच्या आवाजाने व्यापलेली असायची.

ते भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारत. पहाटे गाड्या लागल्या की क्रेटवर उभं राहायचं आणि दहा वाजेपर्यंत ओरडायचं, हे त्यांनी उभा जन्म केलं. बाजारात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. सगळे 'भोंगा' म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं. घरी आले तरी भोंगा बंद होत नसे. मीठ मागायचं तरी पलीकडच्या इमारतीत ऐकू जाई.

"ऑफिसात नेऊन कर की," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"ते पाचव्या मजल्यावर आहे, आई. लिफ्ट बंद आहे आणि बाबांना दम लागतो. शिवाय पुढं घरात बोलायला संगणक घरातच लागणार."

म्हणून नवऱ्याचा कॉलेजातला जुना संगणक माळ्यावरून खाली आला होता. नवरा दूरच्या देशात जहाजावर होता. संगणकाचा पंखा धापा टाकल्यासारखा आवाज करत होता, पण तो चालू तरी झाला होता.

तिने ऑफिसातल्या मॅडमना फोन लावून सांगितलं, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम इथं चालत नाहीये.

"नवी आवृत्ती त्याला झेपायची नाही गं," मॅडम म्हणाल्या. "त्याच वेबसाइटच्या पानावर पार तळाशी जा. जुन्या आवृत्त्या ठेवल्यात. सगळ्यात जुनी घे. दिसायला ओबडधोबड आहे, पण कामाला चोख."

जुनी आवृत्ती उतरवून घेताना पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. ती उठली, बसली, पाणी प्यायली, परत येऊन पट्टीकडे बघत राहिली. सासऱ्यांचे फेरे चालूच होते. दोघांनाही एका जागी चैन नव्हतं, पण एकमेकांशी काय बोलावं हेही सुचत नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी 'चहा ठेवला', 'फोन आलाय' यापलीकडे त्यांचं संभाषण कधी गेलंच नव्हतं.

प्रोग्राम उतरला तेव्हा संगणकाने पासवर्ड मागितला. तिने नवऱ्याला फोन केला.

"कशाला त्यात पडतेस?" नवरा म्हणाला. "बाबा एका जागी बसणार आहेत का?"

"पासवर्ड सांग."

"हसू नकोस हं. परीक्षेच्या वेळी ठेवला होता. 'बाबा गप्प बसा'. सगळं जोडून लिही."

ती हसली नाही. एकेक अक्षर दाबत गेली. पाठीमागे येऊन उभ्या राहिलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "काय ठेवलंय पोरानं?"

"आकडे आहेत काहीतरी," ती म्हणाली.

प्रोग्राम बसला, उघडला, आणि पहिली फाइल उघडताच बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. कितीतरी वेळ तिला कारणच सापडेना. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवऱ्याने संगणकावर आपलं नाव मराठीत घातलं होतं, त्यामुळे सगळ्या फाइली त्या मराठी नावाच्या फोल्डरात जात होत्या. जगातल्या भाषांचा अभ्यास करायला बनवलेल्या त्या प्रोग्रामला रोमन सोडून दुसऱ्या लिपीतलं नाव वाचताच येत नव्हतं. असल्या विद्वानाला काय म्हणावं! तिने संगणकावर साध्या रोमन अक्षरांत नवं खातं काढलं आणि सगळं पहिल्यापासून बसवलं. या वेळी फाइल उघडली, पण वाचायच्या वाक्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन आले. ऑफिसातून आणलेली ती वाक्यं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती सगळी नव्याने टाइप करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शुक्रवारी तिने रजा टाकली. दुपारपर्यंत वाक्यं टाइप करून झाली. मग तिने आतल्या खोलीच्या खिडकीला जाड चादर लावली, भिंतीशी उशा रचल्या, पंखा बंद केला. तरी हेडफोनमध्ये बारीक घरघर येतच होती.

"फ्रीज," ती म्हणाली.

"दूध नासेल," सासूबाई म्हणाल्या.

"नासू दे!" सासरे गरजले, आणि पडद्यावरची आवाज मोजणारी हिरवी पट्टी थेट लाल होऊन बसली.

फ्रीज बंद झाला. सासरे खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि पहिलं वाक्य वाचलं. "शेजाऱ्यांच्या ठेंगण्या घोड्याला झोपेत खोकला झाला." वाचून त्यांनी तिच्याकडे बघितलं. "हे कुणी लिहिलं?"

"आमच्या मॅडमनी. भाषेतले सगळे उच्चार यायला हवेत ना, म्हणून अशी वाक्यं करावी लागतात."

"त्यांनी कधी घोडा पाहिलाय का?"

"बाबा, वाचा ना. जरा हळू. आवाज लाल पट्टीत जातोय."

"हळूच बोलतोय की!"

तिने मायक्रोफोन मागे सरकवला. मग आणखी मागे सरकवला. शेवटी तो दाराजवळ स्टुलावर ठेवला तेव्हा कुठे पट्टी हिरवी राहिली. सासरे वाचत होते, पण त्यांच्या तोंडून कुठलंच वाक्य सरळ येईना. 'छपरावर फणसाएवढा ढग बसला' हेही ते असं म्हणायचे, की आता कुणीतरी भाव बोलेल. दोन-चार वाक्यं झाली की उठून उभे राहायचे, पाणी मागायचे, खिडकीवरची चादर बाजूला करून रस्ता बघायचे. सगळ्या वाक्यांपैकी निम्मीही झाली नव्हती आणि त्यांच्या घशातली खरखर वाढायला लागली होती.

"आज बास करू," ती म्हणाली.

"काय काय आलं ते दाखव तरी."

तिने एक वाक्य पडद्यावर उघडलं. काळ्या रेघांचा डोंगरासारखा पट्टा वर-खाली होत गेला. सासरे खुर्ची ओढून जवळ बसले.

"हा मी?"

"हो. हा तुमचा 'आ'. आणि हा 'श', बघा, धुरळ्यासारखा दिसतो."

"आणि तू कशी दिसतेस?"

तिने मायक्रोफोन जवळ घेतला आणि तेच वाक्य म्हटलं. पडद्यावर एक बारीक ओळ उमटली.

"अगं, ही तर मुंग्यांची रांग!" ते हसले. तीही हसली. मग त्यांनी स्वतःच्या डोंगरावर बोट ठेवलं. "इथं हे फाटल्यासारखं काय आहे? जागोजागी आहे."

तिच्या पहिल्या वाक्यालाच लक्षात आलं होतं. स्वरतंतू नीट मिटत नव्हते. जिथे रेघा एकसारख्या यायला हव्यात तिथे त्या चिंध्या होऊन आल्या होत्या.

"तिथं आवाज जरा घासतो, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग उठून बाहेर गेले. त्या संध्याकाळी त्यांनी मीठसुद्धा मागितलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता सासूबाईंनी तिचं दार वाजवलं. "उठ गं. गेले हे. चपलाही नाहीत आणि टोपीही नाही."

कुठे गेले हे दोघींनाही विचारावं लागलं नाही.

ती बाजारात पोचली तेव्हा गाड्या लागल्या होत्या. ओल्या पोत्यांचा आणि चिरडलेल्या पाल्याचा वास येत होता. हमाल 'बाजू, बाजू' करत अंगावरून जात होते. सासऱ्यांच्या गाळ्याच्या मालकाने तिला लांबूनच ओळखलं आणि हात जोडल्यासारखे केले.

"आम्ही नको म्हणालो हो. सगळ्यांनी सांगितलं. ऐकतोय कुठे? म्हणाला, एकच गाडी. टोमॅटोची. तेवढी पुकारतो आणि जातो."

सासरे क्रेटवर उभे होते. तिने त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. घरात ज्या माणसाला दोन मिनिटं बसवत नव्हतं, तो इथे खांबासारखा स्थिर उभा होता. हलत होते फक्त डोळे आणि एक हात.

"बघा, बघा, हात लावून बघा! पोरीच्या गालासारखा माल आहे. कोण म्हणालं तीनशे? दादा, तीनशेला पाटी मिळेल, आतलं टोमॅटो नाही! तीनशे वीस! मागचे झोपले का? चाळीस! टोपीवाले, डोकं खाजवलंत की भाव बोललात? खाजवलंत? मग हात खाली ठेवा, नाहीतर गाडी तुमच्या नावावर जाईल!"

माणसं हसत होती आणि हसता हसता भाव वाढवत होती. आवाज गाळ्याच्या पत्र्याला लागून परत येत होता. तिने पर्सवर हात ठेवला. आत फोन होता. तो काढून रेकॉर्ड करावं असं क्षणभर वाटलं, पण तिला पक्कं माहीत होतं, या गलक्यातून एका माणसाचा आवाज वेगळा काढणं कुठल्याच प्रोग्रामला जमलं नसतं. ती नुसती उभी राहिली. पुढे होऊन त्यांना खाली उतरवावं हेही मनात आलं. तेही तिने केलं नाही.

"चारशे दहा! आणखी कुणी? चारशे दहा एक… चारशे दहा दोन… चारशे दहा…"

'तीन' आलं नाही. तोंड उघडं होतं, ओठ हलले, बाहेर नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच आली.

अख्खा गाळा गप्प झाला. कुणीही वाढीव भाव बोललं असतं तर सौदा पुढे सरकला असता. कुणी बोललं नाही. सासऱ्यांनी हात वर नेला, तीन बोटं दाखवली आणि हात खाली आणला. टोपीवाला खरेदीदार मान डोलावून म्हणाला, "घेतली."

परत येताना दोघं चालत होते. अर्ध्या रस्त्यात ती एकदम थांबली.

"बाबा, मी ते यंत्र कुणासाठी लावतेय?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तीन दिवस झाले. डॉक्टरांनी ओरडू नका म्हणून सांगितलं होतं. अर्धी वाक्यं राहिलीत. आता कशी वाचणार? तुम्हाला नकोच होतं तर तसं सांगायचं!"

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. सासऱ्यांनी टोपी काढली, हातात फिरवली आणि तिच्या कानाशी वाकून कुजबुजले. ती कुजबुज ऐकायलाही तिला श्वास रोखावा लागला.

"तू चांगलंच करतेयस, सूनबाई. पण त्या घोड्याच्या खोकल्यात मी कुठंय, सांग."

ती पुन्हा चालू लागली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, ते मागे पडलेत. ती त्यांच्यासाठी थांबली.

रविवार वाफ घेण्यात आणि कोमट पाणी पिण्यात गेला. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तिने दोनदा संगणक चालू केला आणि दोनदा बंद केला. मॅडमना फोन करून विचारलं, एवढ्यावर भागेल का? मॅडम म्हणाल्या, "बोलेल, पण अडखळत बोलेल. बरेच उच्चार आलेच नाहीत त्यात."

दुपार कलली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. फ्रीजचं बटण स्वतःच बंद केलं, आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "या इकडे. बसा."

"आवाज कुठंय?" ते खुणेनेच म्हणाले.

"आहे तेवढा पुरे. इथं कुणी टोमॅटो घ्यायला आलेलं नाही. मी कागद धरते, तुम्ही वाचा."

ते बसले. तिने घाईघाईने मायक्रोफोन दारातून उचलून थेट त्यांच्या तोंडाजवळ आणला. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज अगदी खोल गेला होता, पण थोडा का होईना, परत आला होता. मऊ, दाणेदार, थांबत थांबत येणारा. पट्टी हिरवी राहिली. त्यांनी एकदाही उठून चादर बाजूला केली नाही. एखादं वाक्य फसलं तर सासूबाई नुसतं बोट ठेवत, ते परत वाचत. बाहेर अंधारायच्या आत सगळी वाक्यं पहिल्यापासून वाचून झाली.

तिने हेडफोन काढले. सासरे थकून तिथेच आडवे झाले होते. ती हळूच सासूबाईंना म्हणाली, "आई, आता दोन आवाज झालेत. शुक्रवारचा मोठा आणि आजचा. दोन्ही एकत्र चालणार नाहीत. मोठा म्हणजे बाबांचा खरा आवाज. पण तो अर्धाच आहे."

"आजचा ठेव," सासूबाई म्हणाल्या.

"लोक म्हणतील, हा भोंग्याचा आवाज नाही."

"लोकांना काय माहिती?" सासूबाई कागदांच्या कडा जुळवत राहिल्या. "लग्न झालं तेव्हा एकच खोली होती आम्हाला, मधे पातळ पडदा. पडद्यापलीकडे यांचे आई-वडील. तेव्हा हे माझ्याशी अस्सेच बोलायचे. त्यानंतर आज ऐकला."

ऑपरेशन नीट पार पडलं. सासरे घरी आले ते गळ्याशी श्वासाचं छिद्र आणि त्यावर पांढरी पट्टी घेऊन. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. काही हवं असलं की ते टेबलावर हात आपटायचे आणि कळलं नाही की चिडून भिंतीकडे तोंड करून झोपायचे. गाळ्याचा मालक भेटायला आला, एकटाच बोलत राहिला आणि डोळे पुसत गेला. घरात इतकी शांतता झाली, की जुन्या संगणकाचा पंखाही मोठा वाटायला लागला.

मॅडमनी ऑफिसातल्या मोठ्या यंत्रावर आवाज तयार करून दिला. एका संध्याकाळी कामावरून आल्या आल्या तिने तो घरच्या संगणकावर बसवला. या खेपेला कुठलीही चौकट आडवी आली नाही. तिने सासऱ्यांना खुर्चीवर बसवलं. "इथं टाइप करा. झालं की हे बटण दाबा," एवढं सांगितलं आणि बाजूला उभी राहिली.

सासूबाई आत भाजी चिरत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत, पण विळीचा आवाज थांबला.

सासऱ्यांनी एका बोटाने अक्षरं शोधायला सुरुवात केली. एखादं सापडे, एखादं सापडत नसे. लिहिलेलं खोडत, परत लिहीत. तिला वाटलं, ते चहा मागतील, किंवा बायकोला काहीतरी म्हणतील. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

"आज ऑफिसात काय जालं?" संगणक बोलला. त्याला 'झ' नीट जमला नव्हता. बाकी सगळं जमलं होतं. तोच खोल, मऊ आवाज.

तिला वाटलं, ते नुसतंच यंत्र तपासून बघताहेत. "चांगलं आलं की, बाबा," ती म्हणाली. "'झ'चं मी बघते."

त्यांनी मान हलवली. ते नाही. त्यांनी पायाने दुसरी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि तेच बटण पुन्हा दाबलं.

"आज ऑफिसात काय जालं?"

ती खुर्चीच्या कडेवर बसली. "विशेष काही नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "एका म्हातारीचं रेकॉर्डिंग आलंय. धरणात गेलेल्या गावची आहे. ती 'पाणी' हा शब्द म्हणताना दर वेळी मधेच थांबते. मॅडम म्हणतात तो दोष आहे, काढून टाक. मला काही तसं वाटत नाही…"

सासरे दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. गळ्यावरची पट्टी श्वासाबरोबर आत-बाहेर होत होती. ती थांबली की ते भुवया उचलायचे आणि ती पुढे सांगायची.

"अगं, जरा मोठ्यानं सांग की," आतून सासूबाईंचा आवाज आला. "मला इथवर ऐकू येत नाही."